उघडे मांडलेले पत्ते

माझ्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हा ती पुण्याहून दोन बॅगा, एक लॅपटॉप आणि भविष्य पाहायच्या टॅरो पत्त्यांचा डबा घेऊन अमरावतीला घरी आली. लग्न का मोडलं ते तिनं आम्हा दोघांना एकदाच सांगितलं आणि म्हणाली, आता पुन्हा विचारू नका. आम्ही विचारलं नाही. वरच्या खोलीत बसून ती कंपनीचं काम करायची. सकाळी चहा घ्यायला खाली यायची, पत्ते पिसायची, एक पत्ता उलटवायची आणि त्याच्याकडे पाहत चहा संपवायची.

मला ते आवडत नव्हतं. मी नोकरीभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. ज्योतिषाची पुस्तकं नेणारी माणसं ती कधी वेळेवर परत करत नाहीत, एवढाच माझा त्या विषयाचा अनुभव. आपल्या शिकलेल्या पोरीनं हे धरावं, याचं वाईट वाटायचं. माझे यजमान मात्र तिची गंमत करत.

"काय म्हणते आज तुहा पत्ता? नळ येते का?"

"बाबा, हे भविष्य नाही."

"मंग काय आहे?"

"चित्र आहे. चित्र पाहाचं अन् मनात काय येते ते पाहाचं. जे आपण स्वतःले विचारत नाही, ते चित्र विचारते."

"मंग आरशात पाह्य ना. फुकट आहे."

ती हसली. पुण्याहून आल्यापासून पहिल्यांदा हसली, म्हणून ते मला आठवतं.

यजमानांची बडनेरा रोडला रोपवाटिका होती. घराणं मूळचं अकोल्याकडचं, फुलं आणि भाजीपाला पिकवणारं. झेंडू, शेवंती, मिरची, वांगी, कशाचंही रोप त्यांच्याकडे मिळे, आणि प्रत्येक रोपासोबत भाषण फुकट. गिऱ्हाईक गाडीवर बसून निघालं तरी हे हँडल धरून सांगत असत, की बुडाशी पाणी साचू देऊ नका, सकाळचंच ऊन दाखवा. घरी आल्यावरही तेच. मी कधी कधी म्हणे, आता जरा तोंडाला आराम द्या.

एका सकाळी ते मिरचीच्या ट्रेंमध्ये खाली बसले. तिथं कामाला असलेल्या बाईला वाटलं, तण उपटत असतील. पण हातातला पाइप तसाच वाहत होता आणि त्यांच्या धोतराखालून चिखल व्हायला लागला होता. तिनं हाक मारली, तर त्यांनी मान वळवली आणि तोंड वाकडं झालेलं तिला दिसलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, लकवा आहे, मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात आणि पाय गेला. आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, डॉक्टर म्हणाले, पण शब्द सापडत नाहीत. काही लोकांचा एखादा शब्द शिल्लक राहतो, तोच येत राहतो.

यांचा शिल्लक राहिलेला शब्द होता "पाणी".

नाव विचारलं की पाणी. कुठं दुखतं विचारलं की पाणी. मुलगी समोर आली की डोळे भरून पाणी. पहिले काही दिवस आम्ही खरंच पाणी द्यायचो. ते पेला ढकलून द्यायचे. नर्स नवीन पेला आणायची. एकदा त्यांनी तो पेला भिंतीवर फेकला आणि त्या वेळी ओरडले तेही तेच, "पाणी!" हो की नाही विचारलं तर मान दोन्हीकडे हलायची. मनात हो असलं तरी मान नाहीसारखी जायची, आणि आपली चूक आपल्यालाच कळून ते कपाळावर डावा हात मारून घ्यायचे.

घरी आणल्यावर बोलणं शिकवायला एक मुलगी येऊ लागली. स्वभावानं गोड होती. तिच्याकडे जाड पुठ्ठ्याची चित्रं होती. केळं, पेला, संडास, पंखा. "काका, केळं कुठं आहे दाखवा बरं?" ज्या माणसानं आयुष्यभर पानावरचा डाग पाहून रोग सांगितला, त्याला केळं ओळखायला सांगत होतो आम्ही. त्यात तिची चूक नव्हती. तिला तेच शिकवलं होतं. यांनी ती सगळी चित्रं डाव्या हातानं एकत्र केली, नीट, कडेला कड लावून, आणि पलंगाखाली टाकली. मग भिंतीकडे तोंड करून झोपले.

अकोल्याहून धाकटे दीर दर रविवारी यायचे. त्यांचं तिथं भाजीबाजारात दुकान. वडील लवकर गेल्यामुळे यांनीच त्यांना वाढवलं, शिकवलं, दुकान लावून दिलं. ते पलंगाजवळ उभं राहून मोठमोठ्यानं बोलायचे, जणू यांना ऐकूच येत नाही. "भाऊ, लवकर बरे व्हा! झेंडूचं सीझन हाय!" मग अंगणात जाऊन चेहरा रुमालानं पुसायचे.

एक दिवस मुलगी चहाचा कप घेऊन बाबांच्या पलंगावर बसली होती. सवयीनं तिनं पत्ता काढला होता. आठ तलवारी जमिनीत रोवलेल्या, मधे एक बाई, डोळ्यांवर पट्टी, अंग दोरखंडानं बांधलेलं. मुलगी स्वतःच्याच विचारात होती. यांनी हात लांब करून तो पत्ता तिच्या हातातून घेतला. बराच वेळ पाहिला. मग तो उलटा करून, चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून, स्वतःच्या तोंडावर दाबून धरला.

"बाबा," ती म्हणाली, "हे तुमी?"

त्यांनी पत्ता तोंडावरून काढला नाही. त्याच्या मागे ते रडत होते. लकवा झाल्यापासून ते चिडले होते, त्यांनी वस्तू फेकल्या होत्या, पण रडले नव्हते. मी स्वयंपाकघराच्या दारात कणकेच्या हातानं उभी होते. त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं, की आतमध्ये पूर्ण माणूस आहे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण मला ते कळलं नव्हतं.

त्यानंतर मुलीनं आपल्या पत्त्यांचा वापर फिरवला. एरवी ती ते पालथे धरायची आणि जो येईल तो घ्यायची. आता ती दहाबारा पत्ते चादरीवर उघडे मांडायची आणि म्हणायची, "आज कोणता?" ते एकेक चित्र निरखायचे, रोप निवडावं तसे. पुस्तकात त्या पत्त्याचा अर्थ काय आहे, याच्याशी तिनं संबंध ठेवला नाही. "तुमाले यात काय दिसते?" एवढंच विचारायची आणि त्यांचं बोट कुठं फिरतं ते पाहायची. कोणी पलंगावर उठून बसलाय, तोंड हातांनी झाकलंय, असा एक पत्ता होता. तो ते पुष्कळदा उचलायचे. झोप येत नाही, भीती वाटते, हे त्यावरून आम्हाला समजलं. मग आम्ही त्यांच्या खोलीतच गादी टाकली.

एकदा त्यांनी एक पत्ता उचलून माझ्या मांडीवर ठेवला. वेलींच्या कमानीखाली, फुलांच्या बागेत बसलेली राणी, मांडीवर मोठं नाणं. माझ्याकडे पाहून म्हणाले, "पाणी." एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी मला कधी तसलं काही म्हटलं नव्हतं. सगळं भाषण रोपांसाठी होतं. मला काय करावं समजेना. मी उठून दूध बघायला गेले.

पण गोड असं फारसं नव्हतं. काही आठवड्यांनी त्यांनी दुसरा एक पत्ता निवडला. शिंगं असलेला सैतान वर बसलेला, खाली एक पुरुष आणि एक बाई, दोघांच्या गळ्यात साखळी. त्यांनी पुरुषावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर. मग बाईवर, आणि माझ्याकडे केलं. मी त्यांचं अंथरूण बदलत होते. माझ्या हातात घाण झालेली चादर होती.

"मी काय बांधली गेली म्हणता का?" मी रागानं म्हटलं. "मी काही तक्रार केली का?"

ते बोट हलवत राहिले, बाईच्या गळ्यातल्या साखळीवर. मुलगी हळूच म्हणाली, "आई, साखळी सैल आहे पाह्य. काढता येते. ते म्हणत असतील, तू काढ."

"मले नाही काढाची," मी म्हटलं, आणि चादर घेऊन बाहेर गेले. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याशी अबोला धरणं किती सोपं असतं, हेही त्या दिवशी समजलं.

हिवाळ्यात दुसरा झटका आला. या वेळी गिळणंच गेलं. घास श्वासनलिकेत जायचा, छातीत कफ झाला, ताप उतरेना. दीर गाडी घेऊन आले. "वहिनी, अकोल्याले नेतो. तिथं माहे ओळखीचे डॉक्टर हायेत. तुमी दोघी इथं काय काय करसान?" आम्ही गेलो.

अकोल्याच्या दवाखान्यात नाकातून नळी घातली. ती ते उपसून काढायचे. दोनदा काढली, नाकातून रक्त आलं, मग नर्सनं त्यांचा डावा हात, तो एकच चालणारा हात, बँडेजच्या पट्टीनं पलंगाच्या दांड्याला बांधला. मी सोडायची, ते नळी ओढायचे, नर्स पुन्हा बांधायची. डॉक्टर तरुण होते, थकलेले होते. म्हणाले, नाकातली नळी फार दिवस चालणार नाही. पोटाला छोटं छिद्र पाडून कायमची नळी बसवू. गळ्यालाही छिद्र करावं लागेल कदाचित. मी विचारलं, त्यानं बरे होतील का? ते म्हणाले, जगतील. बरे होणं वेगळं.

दीर म्हणाले, "करा. जे लागन ते करा."

मुलीनं पत्ते आणले होते. दुपारी भेटण्याच्या वेळेत तिनं त्यांच्या हाताची पट्टी सोडली आणि पोटावर काही पत्ते उघडे ठेवले. त्यांनी फार वेळ लावला नाही. पांढऱ्या घोड्यावर बसलेला हाडांचा सापळा. खाली राजा मरून पडलेला, एक लहान मूल हातात फुलं घेऊन घोड्यासमोर गुडघ्यावर बसलेलं.

मुलीचा चेहरा उतरला. "बाबा, हा पत्ता म्हणजे मरण नसते," ती घाईघाईनं म्हणाली. "याचा अर्थ बदल. एक गोष्ट संपते, दुसरी..."

तिनं आजवर त्यांना एकदाही अर्थ सांगितला नव्हता. त्यांनी तिच्याकडे इतक्या मायेनं पाहिलं, की मला तिथं थांबवेना. मग त्यांनी पडलेल्या राजावर बोट ठेवलं आणि नंतर नाकातल्या नळीवर.

तिनं पत्ते गोळा केले, पिसले, वेगळ्या क्रमानं मांडले. पुन्हा तोच. संध्याकाळी पुन्हा मांडले. तोच.

दिरांना आम्ही सांगितलं तेव्हा ते दवाखान्याच्या आवारात, चहाच्या टपरीसमोर, सगळ्यांदेखत ओरडले. "पत्ते पाहून माणूस मारून राहिले का तुमी? अवो वहिनी, तुमी तरी शिकलेल्या! त्याले पेला मांगता येत नाही, अन् तुमी त्याले मरण मांगाले लावता?"

"मी लावलं नाही, भाऊजी."

"मंग कोनं मांडले पत्ते? त्यात तो पत्ता ठेवला काहून? नसता ठेवला तर त्यानं उचलला असता का?"

तो प्रश्न खरा होता. आजही खरा आहे.

मी डॉक्टरांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, पत्त्यांचं मला फाइलमध्ये लिहिता येणार नाही. पण ते स्वतः यांच्याजवळ गेले, नळी हातात धरून दाखवली आणि विचारलं, "काका, ही पोटातून कायमची बसवायची. हवी?" यांनी डोळे मिटले आणि तोंड फिरवलं. डॉक्टर म्हणाले, तुम्ही सगळे एकमतानं ठरवलंत तर घरी नेता येईल. एकमत लागेल.

दुसऱ्या दिवशी दीर आले, दाढी वाढलेली. मुलीला म्हणाले, "दे तो डबा." आणि आम्हा दोघींना बाहेर जायला सांगितलं.

आम्ही वऱ्हांड्यात लोखंडी बाकावर बसलो. शेजारी एक कुटुंब भाकरी आणि ठेचा खात होतं. त्यांनी आम्हालाही विचारलं. पडद्याच्या आतून आधी दिरांचा आवाज येत होता, तसाच मोठा. मग तो कमी होत गेला. मग काहीच ऐकू आलं नाही. एकदा मात्र "पाणी" एवढं ऐकू आलं, नेहमीपेक्षा हळू.

दीर बाहेर आले, तेव्हा डबा त्यांनी छातीशी धरला होता. मुलीनं विचारलं, "काका, काय दाखवलं बाबांनी?"

त्यांनी डबा तिच्या हातात दिला. "घरी न्या," ते म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

आम्ही त्यांना अमरावतीला आणलं. लोकांना वाटतं, घरचं मरण म्हणजे शांत मरण. तसं ते नव्हतं. छातीतला आवाज बाहेरच्या ओट्यापर्यंत ऐकू यायचा. पाणी पाजायचं नाही, पाजलं तर श्वासात जाईल, असं सांगितलेलं. ओल्या कापसानं फक्त ओठ भिजवायचे. आणि ते म्हणायचे, "पाणी."

एवढे महिने त्या शब्दाचा अर्थ पाणी नव्हता, हे आम्ही शिकलो होतो. आता तो पुन्हा पाणी झाला होता की नाही, हे आम्हाला सांगता येईना. तहान असेल? की मला हाक मारतात? की पोरीला काही सांगतात? मुलीनं पत्ते समोर धरले, पण नजर आता चित्रावर ठरत नव्हती. मी कापूस भिजवत होते आणि ते तो शब्द म्हणत होते. शेवटी मी चमच्यानं एक घोट दिला. ठसका लागला, अंग निळं पडलं, मुलीनं त्यांना कुशीवर वळवलं. नंतर ते तो शब्दही बोलले नाहीत. दोन दिवसांनी सकाळी गेले.

तेरवीला दीर आले, सगळं नीट केलं. नंतरही येतात, झेंडूचा भाव सांगतात. मी एकदा विचारलं, त्या दिवशी भावानं कोणता पत्ता उचलला होता. ते म्हणाले, "वहिनी, ते माह्यापाशी राहू द्या." मी पुन्हा विचारलं नाही.

मुलगी पुण्याला परत गेली. डबा माझ्याजवळ ठेवून गेली. म्हणाली, मला आता ते उलटवता येत नाहीत. रोपवाटिका आम्ही बंद केली.

मी ते पत्ते काढते. रोज नाही. चहा झाल्यावर, एक. भविष्यात पाहण्यासारखं माझ्याकडे फार नाही, आणि पत्त्यांना ते ठाऊक असतं असं मी अजूनही मानत नाही. पण कोणताही पत्ता आला तरी माझा प्रश्न फिरून एकच होतो: मी त्यांना घरी आणलं ते त्यांना हवं होतं म्हणून, की मी थकले होते म्हणून? एखाद्या दिवशी चित्रातली बाई मला थकलेली दिसते. एखाद्या दिवशी तीच बाई ठाम दिसते. चित्र तेच असतं. मी त्या दिवशी कशी आहे एवढंच त्यातून समजतं, आणि भांडी घासायला घ्यावी लागतात.

आमच्या घरची गोष्ट हळूहळू पसरली. काही बायका मुलांची लग्नं कधी होतील ते विचारायला आल्या. त्यांना मी चहा देऊन परत पाठवलं. मग यंदा उन्हाळ्यात नांदगाव खंडेश्वरकडून एक माणूस आला. रोपवाटिकेचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या बायकोलाही लकवा होता, बोलणं गेलेलं. "बाई, ते पत्ते घेऊन एक डाव येता का जी? ती माह्याकडं पाहते, अन् मले समजत नाही."

मी एसटीनं गेले. घर स्वच्छ होतं. बाई पलंगावर उशांना टेकून बसलेली, केस विंचरलेले, कपाळावर ताजं कुंकू. ते त्यानंच लावलं असणार, थोडं वाकडं होतं. मी पत्ते तिच्यासमोर उघडे मांडले. राजे, राण्या, तलवारी, चंद्राकडे पाहून भुंकणारे कुत्रे. मी मुलीसारखंच विचारलं, "यातलं कोणतं?"

तिनं सगळ्या पत्त्यांवरून नजर फिरवली. मग माझ्याकडे पाहिलं. मी दुसरे मांडले. तिसऱ्यांदा मांडले. तिचा हात पदराच्या टोकाशी चाळा करत राहिला, पत्त्यांकडे गेलाच नाही. थोड्या वेळानं तिनं डोळे मिटून घेतले. तिला समजत नव्हतं, की ती चित्रं तिची नव्हती, की सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं, मला कळलं नाही.

तो दारात उभा राहून पाहत होता. मी पत्ते गोळा केले तसा मागोमाग ओट्यावर आला.

"काही म्हणाली का?"

"नाही."

"पुन्हा एखाद्या वेळी?"

"मले नाही वाटत, दादा."

त्यानं मान हलवली. मग आत जाऊन चहा टाकला. आम्ही ओट्यावर बसून तो प्यायलो. ऊन रस्त्यावर पांढरं पडलं होतं. तो म्हणाला, "मंग मी काय करू जी?"

मी म्हटलं, "मले मालूम नाही. जवळ बसून राहा."

"बसतोच ना," तो म्हणाला, आणि रिकामे कप उचलून आत गेला.